सहीची जबाबदारी : वाहनकर्जातील कपट आणि धनकोचा दावा

(अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाहनासाठी दिलेल्या कर्जात कपट झाले म्हणून धनकोने दिवाणी न्यायालयात दावा लावला, तर त्याच्याशी आपला काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. दावा वादी-प्रतिवादींचा, युक्तिवाद वकिलांचा आणि निकाल न्यायाधीशांचा. त्यात शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने लक्ष का घालावे? या प्रश्नाचे उत्तर कर्जाच्या फाइलमध्येच सापडते. ती उघडली की तीत रहिवासाचा दाखला असतो, जमिनीचा उतारा असतो, पगाराचा दाखला असतो, अर्जदाराला ओळखणाऱ्याचे नाव असते आणि जामीनदाराची सही असते. हे कागद बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या तरी हातून गेलेले असतात. दावा उभा राहतो तो या कागदांवर. आणि त्याचा भार पुष्कळदा येऊन पडतो तो ज्याने एक रुपयाही घेतला नाही अशा माणसावर.

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या आपल्या जिल्ह्यात वाहन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ऊस शेतातून कारखान्यापर्यंत जातो तो ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणि मालमोटारीने. पारनेर आणि नगर तालुक्यांतील कांदा बाजार समितीत पोहोचतो तो टेंपोने. शिर्डी आणि शनिशिंगणापूर येथे येणाऱ्या भाविकांच्या ने-आणीवर अनेक तरुणांची घरे चालतात. नगरच्या परिवहन कार्यालयाचा १६ आणि श्रीरामपूरचा १७ हा क्रमांक मिरविणाऱ्या यांपैकी कितीतरी वाहनांच्या नोंदणीपत्रावर मालकाच्या नावासोबत एखाद्या बँकेचे, पतसंस्थेचे किंवा वित्तकंपनीचेही नाव असते. कर्ज काढून वाहन घेणे यात गैर काहीच नाही. वाहन चालले, फेऱ्या मिळाल्या, हप्ते वेळेवर गेले, तर तेच कर्ज एका कुटुंबाला स्वतःच्या पायावर उभे करते. परंतु या व्यवहारात कपट शिरले म्हणजे काय घडते, दावा कोणावर येतो आणि त्यातून कोण सुटते, हे समजून घेणे आज आवश्यक झाले आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचे दावे

धनकोचा दिवाणी दावा ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे जे दंगे झाले, त्यांच्या मुळाशी हे दावेच होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजाराच्या दिवशी उठाव सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत तो पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, परंतु जीवितहानी करण्याकडे त्यांचा रोख नव्हता. त्यांना हवे होते ते रोखे, खते आणि हुकूमनामे. कागद हाती आले की ते जाळले जात. कागद मिळाले की बहुतेक ठिकाणी जमाव शांत होई.

याच्या काही महिने आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, घोडनदीपलीकडील शिरूर तालुक्यातील करडे या गावी एक प्रसंग घडला होता. कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या प्रतिष्ठित कुळावर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला होता. त्या हुकूमनाम्याच्या बळावर त्याने देशमुखाचे राहते घर पाडावयास सुरुवात केली, तेव्हा सारा गाव खवळला आणि त्याने सावकारावर बहिष्कार टाकला. दीडशे रुपयांच्या कागदाने एक घर पाडता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने जे कमिशन नेमले, त्याच्या अहवालातून त्या दाव्यांचे स्वरूप स्पष्ट झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली होती. हा कायदा ऋणकोच्या हितासाठी असावा असे कोणासही वाटेल. पण प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची चाल पडली. कूळ निरक्षर. रोख्यात काय लिहिले आहे हे त्यास ठाऊक नसे. मिळालेल्या रकमेपेक्षा मोठी रक्कम लिहिली जाई, भरलेल्या पैशाची पावती मिळत नसे. समन्स निघाले तरी कूळ न्यायालयात जात नसे. न्यायाधीशापुढे रोखा असे, सही किंवा निशाणी असे, आणि प्रतिवादी नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई.

या अनुभवातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी होता. न्यायालयाने केवळ रोख्यावर विसंबू नये, व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशेब तपासावा. प्रतिवादीस समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत. पैसे भरल्याची पावती मिळावी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक होऊ नये. अशा तरतुदी त्यात होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. तो कायदा आज अस्तित्वात नाही. परंतु त्यातील एक विचार पुढे दिवाणी कायद्यात टिकून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, आवश्यक ती जनावरे व बी-बियाणे ही साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करता येत नाहीत. करड्यास जे घडले, ते या मार्गाने आज घडू शकणार नाही.

पुढील काळात या जिल्ह्याने सावकारीला दुसरेही उत्तर शोधले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. धनको आता गावातला एक माणूस राहिला नाही. सोसायटी, पतसंस्था आणि बँक या रूपाने तो पुष्कळांचा झाला. म्हणूनच आजच्या दाव्याकडे पाहताना दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पूर्वी खोटा कागद बहुधा धनकोच्या घरी तयार होई. आज तो ऋणकोच्या, विक्रेत्याच्या, मध्यस्थाच्या किंवा संस्थेच्याच एखाद्या सेवकाच्या हातूनही तयार होतो आणि पुष्कळदा धनकोच फसतो. मात्र दीडशे वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही. न वाचता सही करणारा आणि समन्स आल्यावर घरी बसणारा माणूस आजही हरतो.

वाहनावरील बोजा

वाहनकर्जात वाहन ऋणकोच्या ताब्यात राहते आणि त्यावरचा बोजा धनकोचा असतो. याला नजरगहाण म्हणतात. सोने तारण ठेवले तर ते तिजोरीत राहते. वाहन रस्त्यावर धावते. धनकोच्या नजरेआड धावणाऱ्या या तारणाचे रक्षण एका नोंदीने होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार नोंदणीपत्रावर धनकोच्या बोजाची नोंद केली जाते. ती करण्यासाठी नमुना ३४, कर्ज फिटल्यावर ती काढण्यासाठी नमुना ३५ आणि कर्ज थकल्यामुळे वाहन परत घेतल्यास धनकोच्या नावाने नवे नोंदणीपत्र मिळण्यासाठी नमुना ३६ असे अर्जाचे नमुने आहेत. ही नोंद असेपर्यंत धनकोच्या संमतीशिवाय वाहनाचे रीतसर हस्तांतर होऊ शकत नाही. साहजिकच जो कपट करू इच्छितो त्याची पहिली धडपड ही नोंद होऊ न देण्याची, किंवा झालेली नोंद खोट्या कागदाने काढून टाकण्याची असते.

अशा कपटाचे काही ठरावीक प्रकार आहेत. एक, विक्रेत्याचे खोटे दरपत्रक व बीजक दाखवून कर्ज उचलणे. वाहन कधी खरेदीच होत नाही, किंवा जुने वाहन नवे म्हणून दाखविले जाते. दोन, एकाच वाहनावर दोन संस्थांचे कर्ज काढणे. तीन, कर्ज फिटल्याचा बनावट दाखला जोडून बोजा उतरविणे आणि वाहन दूरच्या जिल्ह्यात विकणे. चार, हप्ते वसूल करणाऱ्याने ते संस्थेत न भरणे. पाचवा प्रकार सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. "गाडी तुझ्या नावावर घेऊ, हप्ते मी भरतो, तुला फक्त सही करायची आहे," असे सांगून गरिबाचे किंवा भिडस्त माणसाचे नाव वापरले जाते. गाडी दुसराच चालवतो, पैसे दुसराच कमावतो. थकबाकी मात्र ज्याचे नाव आहे त्याच्या दारात येते.

नाव उसने देणाऱ्यावर येणारी आपत्ती केवळ कर्जाची नसते. ते वाहन अपघातात सापडले तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. वाहन विकले असे मालकाने सांगितले तरी नोंदणीपत्रावर नाव आहे तोवर तो जबाबदार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. वाहन नजरगहाण असेल, तर करारान्वये ज्याच्या ताब्यात ते आहे त्या ऋणकोलाच कायदा मालक समजतो. सहीच्या एका फटकाऱ्याने माणूस किती मोठे ओझे उचलतो, याची त्याला त्या क्षणी कल्पना नसते.

कपट कोणाचे?

आता मी विषयाच्या गाभ्याकडे येतो. न्यायालयात गेल्यावर फसलेला माणूस म्हणतो, "साहेब, माझी फसवणूक झाली." हे खरे असते. परंतु न्यायालय पुढचा प्रश्न विचारते : फसवणूक कोणी केली?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे. जी गोष्ट खरी नाही आणि जी खरी आहे असे सांगणाऱ्यालाही वाटत नाही ती खरी म्हणून सांगणे, माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर दडविणे, न पाळण्याच्या इराद्यानेच वचन देणे, ही कपटाची रूपे होत. मात्र ते कृत्य करारातील पक्षाने, त्याच्या संगनमताने किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेले असले पाहिजे. तसे असल्यास कलम १९ प्रमाणे फसलेल्या पक्षाला करार रद्द ठरविण्याचा अधिकार मिळतो.

या एका अटीत अनेकांचे भवितव्य दडलेले आहे. समजा, एका गावात एका मजुराचे नाव वापरून त्याच्या नातलगाने ट्रॅक्टर घेतला आणि हप्ते बुडविले. नातलगाने मजुराला फसविले, हे निर्विवाद. परंतु तो नातलग कर्ज देणाऱ्या बँकेचा प्रतिनिधी नव्हता. बँकेने खरे पैसे दिले, कागदावर मजुराची खरी सही आहे. तेव्हा बँकेच्या दाव्याला नातलगाचे कपट हे उत्तर ठरत नाही; मजुराला नातलगाविरुद्ध वेगळी दाद मागावी लागते. आता दुसरी बाजू पाहा. समजा, कोऱ्या छापील अर्जांवर सह्या घेणारा माणूस धनकोनेच नेमलेला प्रतिनिधी होता आणि त्याने कोऱ्या जागी वाढीव रक्कम भरली. अशा वेळी कलम २३८ प्रमाणे प्रतिनिधीने कामाच्या ओघात केलेले कपट हे धनकोचेच कपट मानले जाते आणि प्रतिवादीची बाजू बळकट होते. म्हणून "मला फसविले" एवढे सांगून भागत नाही. कोणी, कोठे, कोणत्या दिवशी, काय सांगून फसविले आणि तो कोणाचा माणूस होता, हे सांगावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ ची तशी स्पष्ट अपेक्षा आहे. कपटाचा आरोप वादीने करो वा प्रतिवादीने, त्याचा तपशील द्यावाच लागतो.

दाखले देणाऱ्यांनी या संदर्भात इंग्लंडमधील एक जुना निर्णय लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्लिमथ येथील एका ट्राम कंपनीच्या संचालकांनी ट्रामगाड्या वाफेवर चालविण्याचा आपल्याला हक्क आहे असे माहितीपत्रकात छापले. पुढे ती परवानगी मिळाली नाही. १८८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने संचालकांना सोडून दिले, कारण आपले विधान खरे आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु त्याच निर्णयात कपटाचे जे तत्त्व सांगितले गेले, ते असे की, खोटे आहे हे जाणून केलेले विधान जसे कपट आहे, तसेच ते खरे की खोटे याची पर्वा न करता बेदरकारपणे केलेले विधानही कपटच आहे. न पाहता दाखल्यावर शिक्का मारणाऱ्याला हे तत्त्व विचार करावयास लावील.

दावा कसा चालतो?

कर्जवसुलीचे मार्ग अनेक आहेत, आणि दारात आलेला कागद कोणत्या मार्गाचा आहे हे प्रथम ओळखले पाहिजे. सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवू शकते. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करावयाचा झाल्यास निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखला निघण्यापूर्वी जी सुनावणी होते, तीच खरी संधी होय. वीस लाख रुपये व त्यावरील बँकांचे दावे ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जातात. वित्तकंपन्यांच्या करारांत पुष्कळदा लवादाचे कलम असते; लवादाचा निवाडा हुकूमनाम्याप्रमाणेच अमलात येतो. तेव्हा लवादाची नोटीस ही न्यायालयाची नव्हे म्हणून बाजूस टाकणे धोक्याचे आहे. राहिलेले दावे दिवाणी न्यायालयात येतात.

दिवाणी न्यायालयातील साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. न्यायालय ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. लेखी करारावरून येणारी ठरावीक रक्कम मागणारा दावा आदेश ३७ खाली संक्षिप्त रीतीने चालला, तर काळ फारच थोडा असतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढील समन्स आल्यावर पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. हे न केल्यास वादीच्या म्हणण्याप्रमाणे हुकूमनामा होतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा मार्ग आहे, पण त्यासही तीस दिवसांची मुदत आहे. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर ती मुदत हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. समन्स घेण्याचे नाकारले म्हणजे दावा टळतो, ही समजूत सर्वथा चुकीची आहे. दारावर प्रत डकवूनही समन्स बजावता येते.

धनकोलाही काही बंधने आहेत. कर्जाच्या पैशाचा दावा सामान्यतः तीन वर्षांत आणावा लागतो. परंतु कपट झाले असेल, तर मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ प्रमाणे ते उघडकीस आल्यापासून, किंवा योग्य काळजी घेतली असती तर उघडकीस आले असते तेव्हापासून, मुदत मोजली जाते. वाहन लपविले जाईल अशी भीती असेल, तर धनको न्यायालयाकडे रिसीव्हर नेमण्याची किंवा निकालापूर्वी जप्तीची मागणी करू शकतो. बळाचा वापर मात्र त्याला करता येत नाही. मालमोटारीच्या कर्जाच्या एका प्रकरणात, आयसीआयसीआय बँकेच्या संबंधात, सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गुंडांकरवी वाहन ओढून नेण्याच्या पद्धतीचा कठोर शब्दांत निषेध केला. कराराने दिलेला ताब्याचा अधिकार धनकोला आहे. तो बजावण्याची रीत मात्र कायद्याची असली पाहिजे.

आणि न्यायालयालाच फसवून कोणी हुकूमनामा मिळविला तर? १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, न्यायालयापासून महत्त्वाचा कागद दडवून मिळविलेला हुकूमनामा हा मुळातच शून्यवत होय. भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवण्याचे महत्त्व येथे कळते. एक पावती जुना हुकूमनामाही हलवू शकते.

जामीनदार

येथे जमलेल्या शिक्षक बंधुभगिनींना मला विशेष सांगावयाचे आहे, कारण नियमित पगार असणाऱ्यास जामीन राहण्याची गळ सर्वांत अधिक पडते. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या," असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ मध्येच स्पष्ट केले आहे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. बाकीचा जप्त होऊ शकतो. सहकारी संस्थेशी पगारातून कपातीचा करार केलेला असेल, तर कलम ४९ प्रमाणे कार्यालयच ती रक्कम कापून संस्थेकडे भरते.

परंतु कायद्याने जामीनदाराला अगदी उघड्यावर टाकलेले नाही. धनकोने त्याच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ प्रमाणे त्यापुढील व्यवहारातून तो मुक्त होतो. महत्त्वाची गोष्ट दडवून किंवा खोटे सांगून धनकोने जामीन घेतला असेल, तर कलम १४२ व १४३ प्रमाणे तो जामीनच अवैध ठरतो. आणि वाहनकर्जात अत्यंत उपयोगी असे कलम १४१ आहे. धनकोने आपल्या ताब्यातील वा हक्कातील तारण हातचे घालविले, तर त्या तारणाच्या किमतीपुरता जामीनदार सुटतो. तारण ठेवलेला माल बँकेच्या हलगर्जीपणामुळे नाहीसा झाला तेव्हा १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीनदारास मुक्त केले होते. धनकोने बोजाची नोंदच करून घेतली नाही आणि त्यामुळे वाहन परस्पर विकले गेले, तर जामीनदाराने हा मुद्दा आपल्या कैफियतीत अवश्य मांडावा. मात्र तो मांडण्यासाठी न्यायालयात हजर राहावे लागते. हजर न राहणाऱ्याचा बचाव कायदा स्वतः होऊन करीत नाही.

संस्थांचे कर्तव्य

फसलेल्या धनकोविषयीही आपल्याला आस्था असली पाहिजे, कारण बँकेचा अथवा पतसंस्थेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचा पैसा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरेशा भांडवलाच्या अभावी नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना भारतीय रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा ठेवविम्याला पाच लाख रुपयांची मर्यादा असते याचा अर्थ या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना उमगला. कर्जे बुडाली म्हणजे संस्था बुडते, आणि संस्था बुडाली म्हणजे निवृत्त माणसाची पुंजी अडकते.

म्हणून संस्थेच्या संचालकांनी व अधिकाऱ्यांनी काही साध्या गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कर्जाची रक्कम थेट अधिकृत विक्रेत्याच्या खात्यात द्यावी. वाहन स्वतः पाहून त्याचा सांगाडा क्रमांक व इंजिन क्रमांक ताडून घ्यावा. बोजाची नोंद झाली की नाही हे केवळ नोंदणीपत्राच्या प्रतीवरून न ठरविता परिवहन खात्याच्या वाहन या संगणकीय प्रणालीवर पाहावे. अर्जदाराशी त्याच्या घरी जाऊन बोलावे आणि गाडी कोण चालविणार हे विचारावे. उसन्या नावाचे प्रकरण बहुधा या एका प्रश्नानेच उघडे पडते. दावा लावावा लागलाच, तर ऋणको आणि जामीनदार यांच्यावर थांबू नये. ज्या विक्रेत्याने खोटे बीजक दिले आणि ज्या मध्यस्थाने पैसे घेतले, त्यांनाही प्रतिवादी करावे. कपट करणारा बाहेर आणि सही करणारा आत, असा दावा कायद्यात बसला तरी न्यायाचे समाधान करीत नाही. बनावट दस्ताची फिर्यादही वेळीच द्यावी. दिवाणी दावा आणि फौजदारी कारवाई या दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

आपण काय करावे?

१८७९ च्या कायद्याने गावातच एक निबंधक ठेवला होता. दस्त लिहिला जाताना तो शेतकऱ्याला समजला पाहिजे, हा त्यामागील हेतू होता. आज तसा निबंधक नाही. परंतु १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तकंपन्यांनी किरकोळ कर्ज देताना व्याज, खर्च आणि हप्ते यांचे मुख्य तथ्यांचे विवरणपत्र ऋणकोला समजेल अशा भाषेत दिले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आपल्याकडे येणाऱ्या अर्जदाराला आपण एवढेच विचारावे : ते विवरणपत्र मराठीत मिळाले का? ते वाचले का? नसेल तर त्याच्यासमवेत बसून ते वाचावे. या कामाला फार तर अर्धा तास लागतो. दावा मात्र वर्षानुवर्षे चालतो.

दाखला देणाऱ्याने माणूस समोर असल्याशिवाय आणि नोंद पाहिल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या कागदावर, कोऱ्या छापील अर्जावर किंवा कोऱ्या धनादेशावर कोणी सही करीत असेल, तर त्यास तेथेच अडवावे. कर्ज फिटले की मूळ कागद आणि बोजा उतरविण्याचा नमुना मागून घेण्यास सांगावे. बँका व वित्तकंपन्यांनी हे काम तीस दिवसांत करावयाचे आहे आणि विलंबाबद्दल दर दिवसास पाच हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. गावात कोणाला समन्स आले तर ते घेण्यास, त्यावरील तारीख वाचण्यास आणि त्या तारखेस हजर राहण्यास त्याला प्रवृत्त करावे. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे त्याला घेऊन जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाची माणसे यांना तेथे मोफत साहाय्य मिळते. तडजोडीची तयारी असेल तर लोकन्यायालय आहे; मात्र तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, हे तडजोडीवर सही करण्यापूर्वीच त्याला सांगावे.

मित्रहो, १८७५ साली याच भागातील शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण ते वाचण्याचा आणि न्यायालयात त्यांचा जाब विचारण्याचा मार्ग आपल्याला मोकळा आहे असे त्यांना वाटतच नव्हते. त्या दंग्यांबद्दल शेकडो लोकांना शिक्षा झाल्या. आज तो मार्ग मोकळा आहे. प्रत्येक गावात शाळा आहे, शिक्षक आहे, पंचायत आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी न्यायालय आहे. कागद सहीपूर्वी वाचला जाईल आणि समन्सनंतर प्रतिवादी हजर होईल, एवढी व्यवस्था जरी आपण आपल्या गावापुरती केली, तरी खोट्या कागदावर कोणाचे घर मोडणार नाही, आणि खऱ्या कर्जाच्या वसुलीला कोणी आडवेही येणार नाही. हे काम सरकारी आदेशाची वाट पाहावी असे नाही. ते उद्या सकाळी आपल्यापुढे सहीसाठी येणाऱ्या पहिल्या कागदापासून सुरू करता येईल.